धावताना कमरेला काय बांधावे?

मागच्या हिवाळ्यात आमच्या हॉस्टेलमध्ये पहाटे धावायची साथ आली होती. कोणी पोलीस भरतीच्या तयारीत, कोणी पोट कमी करायच्या, तर कोणी रूम-पार्टनरने ओढून नेले म्हणून. यवतमाळात उन्हाळ्यात सकाळी आठलाच ऊन चटके देते, आणि हिवाळ्यात पहिले लेक्चर चुकवता येत नाही. त्यामुळे काय धावायचे ते पाचच्या अंधारातच. धामणगाव रोडला त्या वेळी ट्रक, दूधवाले, भरतीवाली पोरे आणि कुत्री, एवढीच वर्दळ असते.

पंधरा दिवसांत दोन घटना घडल्या. एका ज्युनियरच्या पोटरीला कुत्र्याने धरले. आणि दुसऱ्याच्या हातातला मोबाईल मोटारसायकलवरच्या दोघांनी हिसकावून नेला. त्या रात्री मेसमध्ये वरणभात बाजूला राहिला आणि चर्चासत्र भरले. काठी न्या, तिखटाची पुडी न्या, धावणेच बंद करा, असे एकेक ठराव येत होते. तेवढ्यात माझा रूम-पार्टनर शांतपणे म्हणाला, "आमच्या काकांकडे लायसन्सचं रिव्हॉल्वर हाये. घरी जातो तवा घेऊन येतो. ट्रॅक पँटच्या आत बांधलं तर कोणाले दिसते बे?"

सगळे हसले. तो हसला नाही. रूमवर आल्यावर त्याने मला विचारले, "तू मेकॅनिकलवाला ना? मंग सांग, धावताना ते हालणार नाही असं कसं बांधायचं?"

मी आधी त्याला उपदेश करणार होतो. पण उपदेश हॉस्टेलमध्ये कोणी ऐकत नाही. रेक्टर सरांचाही नाही. म्हणून मी म्हटले, ठीक आहे, प्रश्न इंजिनिअरिंगचा आहे ना, मग उत्तरही तसेच काढू. त्या उत्तरातून जे निघाले ते तुमच्यापुढे ठेवतो. ज्याला बंदुकीशी काही घेणेदेणे नाही, पण मोबाईल आणि रूमची किल्ली खिशात घालून धावताना मांडीवर थाडथाड आपटून घेतो, त्यालाही ते उपयोगी पडेल.

वस्तू का उडते?

धावणारा माणूस पुढे जातो हे सगळ्यांना दिसते. तो वर-खालीही जातो हे लक्षात येत नाही. साधारण वेगाने धावताना मिनिटाला १६० च्या आसपास पावले पडतात आणि प्रत्येक पावलागणिक कंबर सुमारे ८ सेंटिमीटर वर-खाली होते. म्हणजे सेकंदाला २.७ वेळा, ४ सेंटिमीटर अँप्लिट्यूडने कंपन. आता फर्स्ट इयरचे एस.एच.एम. आठवा. कमाल त्वरण म्हणजे अँप्लिट्यूड गुणिले कोनीय वारंवारतेचा वर्ग. आकडे घातले की उत्तर ११ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. गुरुत्व त्वरण ९.८.

याचा अर्थ काय? कंबर वरच्या टोकाला पोहोचून खाली यायला लागते तेव्हा ती गुरुत्वापेक्षा जास्त त्वरणाने खाली खेचली जात असते. ढिल्या खिशातली वस्तू तेवढ्या जोराने खाली येऊच शकत नाही. ती क्षणभर मागे राहते, मग पडते, आणि तोवर पाय जमिनीवर टेकून कंबर वर यायला निघालेली असते. दोघांची टक्कर होते, तोच तो 'थाड'. खरे धावणे म्हणजे शुद्ध एस.एच.एम. नव्हे, हे मला मान्य आहे (व्हायवात हेच विचारतात). पण अंदाज बरोबर येतो. पाय टेकताना जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट जोर लागतो. त्यामुळे अर्धा किलोची वस्तूही त्या क्षणी एक किलोच्या वर वाटते. पाच किलोमीटर धावलात तर हा धक्का पाच हजारांवर वेळा बसतो.

मग घट्ट बांधावी? हो, पण 'घट्ट' म्हणजे किती, हा खरा प्रश्न. पट्ट्याला इलास्टिक असते, म्हणजे ती स्प्रिंग झाली आणि वस्तू हे तिला टांगलेले मास. या जोडीची स्वतःची स्वाभाविक वारंवारता असते. ती तुमच्या पावलांच्या वारंवारतेशी जुळली की रेझोनन्स, आणि मग पाऊच नाचायला लागतो. ती मोजायला लॅब नको. उभे राहून वस्तू पट्ट्यात घाला आणि पट्टा स्वतःच्या वजनाने किती खाली लोंबतो ते पट्टीने मोजा. १६० पावलांच्या चालीला ही लोंब साडेतीन सेंटिमीटर असेल, तर बरोबर रेझोनन्स! आपल्याकडे बाजारात मिळणारे बरेचसे स्वस्त पाऊच नेमके एवढेच लोंबतात, हा माझा अनुभव. लोंब एक सेंटिमीटरच्या आत आणली तर नाच बराच थांबतो. चार-पाच मिलिमीटरवर आणली तर वस्तू कमरेच्या मानाने जेमतेम अर्धा सेंटिमीटर हालते, म्हणजे जवळजवळ शरीराचाच भाग होते.

नियम सोपा झाला : वजन जितके जास्त, पट्टा तितका ताठ आणि रुंद हवा. किल्लीला नाडी पुरते. मोबाईलला रुंद इलास्टिक पट्टा हवा. अर्धा किलोला काय हवे, ते करून पाहायचे ठरले.

मेसच्या तराजूचे माप

आपल्या देशात निर्भीक नावाचे रिव्हॉल्वर आहे. कानपूरच्या सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीने ते जानेवारी २०१४ मध्ये, खास स्त्रियांना पर्समध्ये नेता यावे म्हणून, बाजारात आणले. पॉइंट ३२ बोअर, टायटॅनियम मिश्रधातू, वजन सुमारे अर्धा किलो, किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. हे 'हलके' रिव्हॉल्वर. काकांकडचे जुने पोलादी त्याहून जडच असणार. म्हणून आम्ही मेसच्या काकूंकडून तराजूचे अर्धा किलोचे लोखंडी माप मागून आणले. कशाला ते सांगितले नाही. ते फडक्यात गुंडाळून रूम-पार्टनरच्या कमरेला बांधले आणि मैदानाला फेऱ्या सुरू केल्या.

पहिली जागा पुढे, नाभीखाली. चालताना उत्तम. धावायला लागताच गुडघा वर आला की माप पोटात रुतायचे. दोन फेऱ्यांत साहेब थांबले.

दुसरी जागा उजव्या कमरेला, सिनेमातल्या इन्स्पेक्टरसारखी. इथे वेगळीच अडचण निघाली. धावताना कंबर नुसती वर-खाली होत नाही, डावी-उजवीकडे वळतेही. वजन एका बाजूला असल्याने पट्टा हळूहळू फिरत पुढे आला आणि ट्रॅक पँट हळूहळू खाली. तिसऱ्या फेरीला भरतीवाल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. जास्त लिहीत नाही.

तिसरी जागा मागे, पाठीच्या खोलगट भागात. हालचाल सर्वांत कमी इथे, कारण ही जागा शरीराच्या गुरुत्वमध्याजवळ आणि मधोमध आहे. ट्रेकचा छोटा पाऊच मागे बांधतात तो याचसाठी. पण पाठीवर पडलात तर कडक लोखंड आणि मणका यांची गाठ! शिवाय मागचे काढायला हात वळवून, शर्ट वर करून, थांबावे लागते.

चौथा प्रयोग छातीवर आडवा रुंद पट्टा. उडी थांबली, पण श्वास घेताना छाती फुगते त्यालाच पट्टा अडवायला लागला. घट्ट केला तर दम लागतो, सैल केला तर माप नाचते.

चार दिवसांनी कमरेवर लाल वळ उठले होते. मापाच्या फडक्यावर तांबूस डागही दिसले. घाम म्हणजे मिठाचे पाणी; लोखंडाला त्याच्यासारखा वैरी नाही. म्हणजे दुसरे काम वाढले, रोज पुसा, तेल लावा.

आणि हे नुसते माप होते. मापाला घोडा नसतो, ट्रिगर नसतो. भरलेले हत्यार मऊ इलास्टिकच्या पाऊचमध्ये ठेवणे म्हणजे प्रत्येक पावलाला ट्रिगरवर काय घासते आहे ते देवाला माहीत. म्हणून हत्यारासाठी ट्रिगर पूर्ण झाकणारा कडक होल्स्टर लागतो. तो कडक असल्यामुळे अंगाला टोचतो, आणि न टोचावा म्हणून मऊ केला तर सुरक्षित राहत नाही. डिझाइनमध्ये दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध गेल्या की काय होते, हे आपल्याला मशीन डिझाइनच्या सरांनी शिकवलेच आहे.

पाचव्या दिवशी माप काकूंना परत केले. रूम-पार्टनर म्हणाला, "त्रास होते, पण सवय होईल." म्हणजे फिजिक्स पुरले नव्हते.

लपवणे हा गुन्हा नाही, मग गुन्हा कोणता?

आम्हाला वाटले होते, बंदूक लपवून नेणे बेकायदेशीर असेल. उलटेच निघाले. आर्म्स रूल्स, २०१६ प्रमाणे लायसन्सवाल्यानेही सार्वजनिक जागी हँडगन होल्स्टरमध्ये, झाकलेलीच ठेवायची असते. मिरवायला बंदी आहे. पण मुळात ती बाळगायला लायसन्स हवे, आणि ते माणसाचे असते, घराण्याचे नाही. काकांचे लायसन्स पुतण्याला चालत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात एक सवलत आहे. दुरुस्तीसाठी किंवा लायसन्सच्या नूतनीकरणासाठी मालकाच्या लेखी परवानगीने दुसरा माणूस हत्यार नेऊ शकतो. जॉगिंग त्यात बसत नाही.

पुढे ऐका. २१ वर्षे पूर्ण नसतील तर लायसन्स मागण्याचा प्रश्नच नाही. आमचा गडी तेव्हा वीसचा. लायसन्स मिळाले तरी त्याच्या अटींमध्ये असते की जिल्हाधिकाऱ्यांच्या खास परवानगीशिवाय हत्यार जत्रेत, मिरवणुकीत आणि शिक्षणसंस्थेच्या आवारात नेता येत नाही. म्हणजे ते हॉस्टेलच्या गेटमधून आत येणेच अटीचा भंग. विनापरवाना बंदूक बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान दोन वर्षे, आणि ती पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते. ज्याने हातात दिली त्या काकांवरही गुन्हा. पोलीस भरतीचे सोडा, पासपोर्टच्या आणि नोकरीच्या व्हेरिफिकेशनला काय उत्तर देणार? मोबाईल बारा हजारांचा गेला होता. तो वाचवायला आख्खे करिअर पणाला!

इथे तो गप्प झाला. पण मनातली भीती गेली नव्हती, ते मला दिसत होते. तो म्हणाला, "कायदा ठीक हाये. पण सामने चाकू घेऊन उभा राहिला तर?"

धापा टाकताना नेम

याचे उत्तर मला खेळांत सापडले. बायथलॉन नावाचा बर्फावरचा ऑलिंपिक खेळ आहे. खेळाडू स्कीवर कित्येक किलोमीटर जातो आणि मध्येच थांबून ५० मीटरवरच्या निशाण्यांवर गोळ्या झाडतो. रायफल किमान साडेतीन किलोची, दोन्ही खांद्यांवरून पाठीला हार्नेसने आवळलेली. म्हणजे आपलाच 'ताठ आणि रुंद' पट्ट्याचा नियम. आख्खे आयुष्य सराव केलेले खेळाडूही तिथे नेम चुकवतात, कारण छाती धडधडत असते आणि हात त्या ठोक्याबरोबर हालतो. चुकीला दंड आहे म्हणूनच त्या खेळात मजा आहे.

त्याहून बोलके उदाहरण मॉडर्न पेंटॅथलॉनचे. त्यात धावणे आणि पिस्तूल एकाच प्रकारात आहेत. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून तर गोळीऐवजी लेझरचे पिस्तूल आहे. पण धावताना पिस्तूल खेळाडूच्या कमरेला नसते. ते नेमबाजीच्या टेबलावर ठेवलेले असते. खेळाडू धावत येतो, उचलतो, निशाणे पूर्ण करतो, परत टेबलावर ठेवतो आणि मोकळ्या हाताने धावतो. जगातले सर्वोत्तम धावणारे नेमबाजसुद्धा धावताना पिस्तूल बाळगत नाहीत!

आपले जवान रायफल घेऊन पाच किलोमीटर धावण्याची चाचणी देतात, हे खरे. पण ती हातात किंवा स्लिंगने आवळून असते, सोबत तुकडी असते, आणि त्यामागे वर्षांचा सराव असतो. आपण चौथ्या किलोमीटरला धापा टाकत, अंधारात, पाठीमागून आलेल्या मोटारसायकलवाल्याला शर्ट वर करून रिव्हॉल्वर दाखवणार? तो दोन सेकंदांत निघून गेलेला असतो. थांबलाच, तर तेच हत्यार त्याच्या हातात जायचा धोका. आणि गोळी सुटलीच, तर पलीकडून येणारा दूधवाला अंधारात दिसतो का? कुत्र्याच्या बाबतीत तर बोलायलाच नको. पायात घुटमळणाऱ्या कुत्र्यावर चालवलेली गोळी स्वतःच्या पायात जायला कितीसा वेळ?

बंदूक असली की प्रश्न सुटतोच असे नाही, हे आपल्या जिल्ह्याने जवळून पाहिले आहे. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात २०१६ ते २०१८ या काळात १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका टी-१ वाघिणीवर होता. कोणी तिला अवनी म्हणत. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात ती गोळीने मेली. शोधपथके, शिकारी, कॅमेरे सगळे असूनही ती गोळी कशी आणि कोणत्या परिस्थितीत झाडली गेली यावर चौकशा झाल्या आणि प्रकरण कोर्टात गेले. जाणकारांच्या हातातल्या बंदुकीचे अंधारात असे होते. त्या दोन वर्षांत गावकरी मात्र रोज जगत होतेच. ते शेतात जाताना गटाने जात, हातात काठ्या घेत आणि अंधार पडायच्या आत परतत. रोज पाळता येण्याजोगे तेवढेच होते.

मग आम्ही काय नेतो?

आता आमची यादी. तिला तीन कसोट्या लावल्या. रोज त्रास न होता नेता यावे. धापा टाकतानाही वापरता यावे. आणि चुकून वापरले तरी कोणाचे आयुष्य बरबाद होऊ नये.

१) सोबती. किमान तिघे. वजन शून्य, लोंब शून्य. सर्वांत हळू धावणाऱ्याच्या वेगाने सगळे धावायचे.

२) काठी. दोन-अडीच फुटांची हलकी बांबूची. टोकाला धरली तर मनगट दुखते. मधोमध, तोल सांभाळते तिथे धरा, म्हणजे हाताच्या झोक्याबरोबर ती आपोआप जाते.

३) शिट्टी. गळ्यात नाही, मनगटाला. दम लागला तरी फुंकर मारता येते, ओरडता येत नाही.

४) मोबाईल. हातात अजिबात नाही. रुंद पट्ट्यात, पाठीमागे मधोमध, स्क्रीन अंगाकडे आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत. उभे राहून लोंब मोजायची, एक सेंटिमीटरच्या आत. ११२ हा नंबर सगळ्यांना पाठ.

५) किल्ली आणि आय-कार्ड. एकाच पुडीत घट्ट गुंडाळून. सुट्या किल्ल्या एकमेकींवर आपटून सगळा रस्ता जागा करतात. आय-कार्डाच्या मागे रक्तगट आणि रूम-पार्टनरचा नंबर.

६) फिकट रंगाचा टी-शर्ट आणि छोटा टॉर्च. ट्रकवाल्याला आपण दिसणे महत्त्वाचे. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने धावा.

कुत्र्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. तो बहुधा पळणाऱ्याच्या मागे लागतो. पळणे थांबवा, त्याच्याकडे तोंड करा, डोळ्यांत रोखून पाहू नका, काठी आडवी धरून हळूहळू मागे सरका. खाली वाकून दगड उचलल्याचे नाटक पुष्कळदा पुरते. तरीही चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवायची. तिखट, चुना, हळद काहीही भरायचे नाही. त्याच दिवशी दवाखाना. यवतमाळात वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. लसीचे सगळे डोस पूर्ण करायचे आणि जखमेतून रक्त आले असेल तर डॉक्टरांना इम्युनोग्लोब्युलिनबद्दल विचारायचे. रेबीज एकदा झाला की उपाय जवळजवळ नाहीच; लस वेळेवर घेतली तर तो होत नाही. आमच्या ज्युनियरने सगळे डोस घेतले. आता तोच सर्वांत पुढे धावतो.

रूम-पार्टनर सुटीत घरी गेला तेव्हा मला, खरे सांगतो, धाकधूक होती. परत आला तेव्हा त्याच्या बॅगेला एक लांबुळके पुडके बांधलेले होते. माझ्या पोटात गोळा आला. त्याने सोडले, तर आत घासून गुळगुळीत केलेल्या बांबूच्या चार काठ्या.

"काकाले विचारलं," तो म्हणाला. "काका म्हणे, येडा झाला का बे? इलेक्शन आली का मलेच ते ठाण्यात जमा करा लागते. घरी असलं तरी कुलपात. इतक्या वर्षांत एकडाव वापरलं नाही, पण रातच्याले त्याच्या पायी झोप मात्र उडते."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही चौघे चार काठ्या घेऊन निघालो. कमरेला फक्त किल्ली आणि मोबाईल होता. लोंब, सहा मिलिमीटर.